टॉवेलवर मावेल तेवढंच

टॉवेल किती मोठा न्यायचा, एवढाच माझा प्रश्न होता. ज्याला विचारावं तो टॉवेल सोडून बाकी सगळं सांगायचा. एकाने वेटसूट घ्यायला सांगितला. एकीने कार्बनची चाकं भाड्याने देणाऱ्याचा नंबर दिला. तिसऱ्याने छातीला बांधून हृदयाचे ठोके मोजणाऱ्या पट्ट्याचे फायदे डोंबिवलीपासून विठ्ठलवाडीपर्यंत समजावून सांगितले. मी अंबरनाथ पश्चिमेला बुवापाड्यात राहते आणि आनंदनगर एमआयडीसीतल्या एका कंपनीत स्टोअर्सला आहे. आमच्या घरात तोवर आलेलं सगळ्यात महाग खेळाचं सामान म्हणजे मुलाची क्रिकेटची बॅट.

डोंबिवलीच्या सावळाराम महाराज क्रीडासंकुलातल्या तरणतलावावर बायकांच्या बॅचला येणाऱ्या एका मैत्रिणीने कोल्हापूरच्या ट्रायथलॉनमध्ये स्वतःबरोबर माझंही नाव घातलं, तिथून हे सुरू झालं. आमचं अंतर सगळ्यात छोटं, म्हणजे ‘स्प्रिंट’: ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणं. ऑलिम्पिकमध्ये हेच दुप्पट असतं, दीड किलोमीटर, ४० आणि १०. पूर्ण आयर्नमॅनला ३.८ किलोमीटर पोहून, १८० किलोमीटर सायकल मारून वर ४२.२ किलोमीटरची मॅरेथॉन. पन्नाशीच्या उंबरठ्यावर मिलिंद सोमणने २०१५ साली झुरिकला ती पुरी केली, तेव्हा हा शब्द आमच्या कँटीनपर्यंत पोहोचला होता. २०१९ मध्ये पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर अर्ध्या अंतराची आयर्नमॅन झाल्यावर तर ओळखीतलं कुणी ना कुणी त्याच्या तयारीला लागलेलं दिसायचं.

हा खेळ सुरू झाला तेव्हा सामानाचा एवढा बडेजाव नव्हता. २५ सप्टेंबर १९७४ ला कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोच्या मिशन बे इथे धावणाऱ्यांच्या एका क्लबने सरावात बदल म्हणून तिन्ही प्रकार एकत्र ठेवले. १९७८ मध्ये हवाईला पहिली आयर्नमॅन झाली तेव्हा सुरुवातीला १५ जण होते, पोहोचले १२. प्रत्येकाने आपलं पाणी, आपलं खाणं, आपली माणसं आणायची असा मामला. जॉन डनबार पुढे होता, पण धावताना त्याच्या माणसांकडचं पाणी संपलं आणि त्यांनी त्याच्या हाती बिअर दिली. गॉर्डन हॅलर ११ तास ४६ मिनिटांत जिंकला. ही गोष्ट मी सासूबाईंना सांगितली, तर त्या म्हणाल्या, “म्हणजे दम कमी नव्हता, पाणी कमी होतं.” तयारीतलं इतकं नेमकं वाक्य मला दुसऱ्या कुणी ऐकवलं नाही.

मैत्रिणीने पाठवलेली यादी मात्र लांबलचक होती आणि ती थंड मुलखातल्या माणसासाठी केलेली असावी. तीत वेटसूट होता, हातांवर चढवायच्या उबदार बाह्या होत्या, सायकलच्या बुटांना गार वाऱ्यापासून वाचवणारी टोपणं होती. वेटसूट म्हणजे निओप्रीन नावाच्या रबराचा अंगासरशी पोशाख. तो ऊब धरतो आणि अंगाला तरंगतं ठेवतो. तरंगायला मदत होते म्हणूनच त्याच्यावर बंधन आहे. आयर्नमॅनच्या नियमांत पाणी २४.५ अंशांपेक्षा गरम असेल, तर हौशी स्पर्धकाला वेटसूट घालून बक्षिसावर हक्क सांगता येत नाही. आम्हाला पोहायचं होतं कोल्हापूरच्या राजाराम तलावात. आपल्याकडच्या तलावात वेटसूट घालून उतरलं तर थंडीआधी उकडूनच जीव जायचा. वेटसूटवर काट मारली. त्याच्यापाठोपाठ बाह्या गेल्या, टोपणं गेली, आणि यादी एकदम आटोक्यात आल्यासारखी वाटली.

वाटली, एवढंच. कारण उरलेल्या वस्तूंचे मी पलंगावर तीन ढीग केले, पोहण्याचा, सायकलचा आणि धावण्याचा, आणि टॉवेल कुठल्या ढिगात जातो ते काही ठरेना. टोपी सायकल संपल्यावर लागणार, पण सनस्क्रीन पोहण्याआधी. मोजे सायकलच्या ढिगात ठेवले तर धावताना तेच पायात असणार. नंबराचा कागद दोन ढिगांत हवा होता आणि तो तर एकच. मुलगा म्हणाला, “आई, चौथा ढीग कर, ‘इतर’ म्हणून.” स्टोअर्समध्ये पंधरा-वीस वर्षं काढलेल्या माणसाला ‘इतर’ या शब्दाची धास्ती असते. ज्या कपाटावर ‘इतर’ लिहिलेलं असतं, त्यात गेलेली वस्तू वर्षअखेरच्या मोजणीतच बाहेर येते.

मग मी आमच्या कामाचीच पद्धत धरली. जुळणी विभागाला एका पंपाचं सामान द्यायचं असलं, तर आम्ही सगळे नट एका डब्यात आणि सगळे वॉशर दुसऱ्यात देत नाही. जुळणी ज्या क्रमाने होते त्या क्रमाने ट्रे लावून देतो. याला किटिंग म्हणतात. जुळणी करणाऱ्याचा हात डावीकडून उजवीकडे जातो आणि ट्रे रिकामा होतो. शेवटी एखादा वॉशर उरला, तर पंप पुन्हा उघडतात.

कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला तक्ता आखला: वेळ, जागा, काम, वस्तू. पहाटे उठण्यापासून शेवटची रेषा ओलांडेपर्यंत मी कुठे असेन, अंग ओलं असेल की कोरडं, हात मोकळे असतील की नाही, हे लिहीत गेले. ज्या वस्तूला तक्त्यात ओळ मिळाली नाही ती पलंगावरच राहिली. ठोके मोजायचा पट्टा असाच राहिला.

तक्त्यातली सगळ्यात गर्दीची जागा म्हणजे ट्रान्झिशन. पोहून आल्यावर सायकल घ्यायची, सायकलवरून आल्यावर ती ठेवून पळायचं, त्यासाठी कठडा घातलेलं आवार असतं. आत लोखंडी दांड्यांवर सायकली सीटने टांगलेल्या. आपल्या वाट्याला सायकलच्या बाजूची हातभर जागा येते. तिथे कपडे बदलायला आडोसा नसतो आणि उघडं व्हायची परवानगीही नसते. म्हणून जे घालून पोहायचं तेच घालून सायकल मारायची आणि पळायचं. तिथला वेळही शर्यतीच्या वेळेत धरतात. माझ्या प्रश्नाचं उत्तर या हातभर जागेत होतं. हात पुसायचा नॅपकीन पुरे. पाय पुसायचे आणि त्याच्यावर सामान मांडायचं. त्याच्यावर मावणार नाही ते न्यायचंच नाही.

नियम वाचले तेव्हा अजून एक गोष्ट कळली. सक्तीच्या वस्तू फार थोड्या आहेत, पण त्या कशा वापरायच्या याला काटेकोर क्रम आहे. हेल्मेटचा पट्टा गळ्याखाली लावल्याशिवाय सायकल दांडीवरून काढायची नाही, आणि सायकल परत टांगेपर्यंत तो सोडायचा नाही. ठरलेल्या रेषेपर्यंत सायकल हाताने ढकलत न्यायची, रेषेपलीकडे बसायचं. येताना दुसऱ्या रेषेच्या अलीकडे उतरायचं. हँडलच्या दोन्ही टोकांना बुचं हवीत, कारण उघडी नळी पडल्यावर पोटात घुसते. वेळ नोंदवणारी चिप घोट्याला बांधतात, ती डाव्या, म्हणजे उजव्या बाजूच्या साखळीला लागत नाही. नंबर सायकलवर असताना पाठीवर आणि पळताना पोटावर. कानात गाणी चालत नाहीत.

नंबर मागचा पुढे आणायचा म्हणजे कमरेला इलॅस्टिकचा पट्टा हवा. तो दुकानात तयार मिळतो. पण शेजारच्या उल्हासनगरात एवढ्या जीन्स शिवल्या जात असताना इलॅस्टिक आणि बकल बाहेरून कशाला आणायचं? बाजारात दोन बोटं रुंदीचं इलॅस्टिक मापून घेतलं. बॅगा शिवणाऱ्याने त्याला बकल लावून दिलं आणि विचारलं, “ताई, पोटाला लावायचं की प्रवासाच्या बॅगेला?” त्याच दुकानातून बारीक गोल इलॅस्टिक आणून धावायच्या बुटांत नाडीच्या जागी ओवलं. गाठ मारायची कटकट संपली, पाय नुसता आत सरकतो.

सायकलीने मला जास्त नाचवलं. बदलापूरहून बारवी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर सराव करताना पंक्चर झालं, आणि जवळच्या गॅरेजमध्ये हवा भरायची नळी काही केल्या व्हॉल्व्हला बसेना. अंबरनाथच्या सायकलवाल्या काकांनी नंतर समजावलं. “ताई, तुमचा व्हॉल्व्ह पातळवाला. त्याचं टोक आधी सैल करायचं, मग पंप लावायचा. मोटरसायकलची नळी त्याला होत नाही.” त्यांनी एक पितळी टोपी दिली. ती व्हॉल्व्हवर फिरवली की कुठलाही पंप चालतो. नखाएवढी ती टोपी सीटखालच्या पिशवीत गेली. सोबत एक ट्यूब, टायर सोडवायचे दोन प्लास्टिकचे चमचे, छोटा पंप आणि पान्यांचा जोड. हवा किती भरायची ते टायरच्या कडेवरच छापलेलं असतं. काकांनी बजावलं की कमाल आकड्यापर्यंत ठासून भरू नका, टांगलेल्या सायकलीवर ऊन आलं की हवा फुगते.

त्यांच्याकडूनच पेडल काढायला शिकले, कारण सायकल बसच्या डिकीतून जाणार होती. उजव्या पेडलचे आटे नेहमीसारखे, डाव्याचे उलटे. डावं पेडल सोडवायला पाना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवावा लागतो. तसं नसतं तर पाय मारता मारता ते आपोआप सुटलं असतं. बुटाला अडकणारी खास पेडलं घ्यायला मैत्रीण सांगत होती. काका म्हणाले, “पहिल्यांदा साधी पेडलंच बरी. त्या बुटांत पाय अडकला की सिग्नलला माणूस सायकलसकट आडवा होतो.” साधी पेडलं ठेवल्याने सायकलचे वेगळे बूट, त्यांची पिशवी आणि बदलण्याचा वेळ, तिन्ही वाचलं. तेच बूट दोन्हीकडे.

ट्रायसूट आला तेव्हा घरात थोडा वेळ शांतता होती. तो मांड्यांपर्यंत अंगाला चिकटून बसतो आणि बुडाशी पातळ गादी असते. सासूबाईंनी तो उलटसुलट करून पाहिला.

“हे घालून कोल्हापुरात फिरणार तू?”

“फिरणार नाही आई, पळणार.”

त्यांनी कापड चिमटीत धरलं, गादी दाबून पाहिली. “पाणी धरणार नाही. लगेच वाळेल,” म्हणाल्या. सूट बनवणाऱ्यालाही नेमकं हेच हवं असतं. पोहण्याच्या पोशाखाला जाड गादी असती तर ती पाणी पिऊन लोंबली असती. मग त्यांनी स्वतःहून हात पुढे केला. “मंगळसूत्र काढून दे इकडे. तलावात गेलं तर कोण शोधणार?” बांगड्याही त्यांच्याकडेच राहिल्या.

बायकांच्या सामानाबद्दल यादीत एक ओळ नव्हती, ती मी घातली. तारीख शर्यतीच्या आसपास येत होती, म्हणून मेन्स्ट्रुअल कप सरावाच्या दिवसांतच पोहताना आणि सायकलवर वापरून पाहिला आणि ते प्रकरण डोक्यातून काढून टाकलं. केसांनी जास्त वेळ खाल्ला. वर बांधलेला आंबाडा पोहायच्या टोपीत बसतो, पण हेल्मेटमध्ये बसत नाही. मानेवर बांधला तर हेल्मेटची मागची कडी तिथेच टेकते. शेवटी मानेपासून दोन घट्ट वेण्या घातल्या, शाळेत घालायचे तशा. टोपी सिलिकॉनची घेतली, लॅटेक्सची केस उपटते. काखेत आणि मानेला व्हॅसलीन, कारण ओलं कापड चामडी सोलतं.

खाण्याचं मी ट्यूबमधल्या जेलपासून सुरू करून खजुरापर्यंत आले. जेल घशाला चिकटतं आणि त्याच्यावर पाणी हवंच. राजगिऱ्याची चिक्की घामट हातात चुरते. बिया काढलेला खजूर लोणीकागदात गुंडाळून सायकलच्या नळीला चिकटपट्टीने लावला की एका हाताने ओढून खाता येतो. बाटलीत ओआरएस. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणानुसार एक लिटर पाण्यात २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. पुडी एक लिटरची असेल तर पाणीही एक लिटरच घ्यायचं. अर्ध्या लिटरच्या बाटलीत सगळी ओतून ‘डबल ताकद’ करायची नाही, त्याने पोट बिघडतं.

मग गच्चीवर तालीम झाली. कपडे वाळत घालायच्या दोरीखाली सायकल, बाजूला नॅपकीन, कोपऱ्यात पाण्याची बादली. बादलीत पाय बुडवायचे, अंगावर तांब्या ओतायचा आणि धावत यायचं. सासूबाई मोबाइलवर वेळ लावून बसल्या. शेजारच्या काकूंनी डोकावून विचारलं, “काय गं, कसलं व्रत?” मुलं कठड्यावर रांगेने. पहिल्याच खेपेला हातमोजे बाद झाले. ओल्या हातात ते चढतच नाहीत. घड्याळ बाद झालं. मोजे आधीच दुमडून, आत पावडर टाकून ठेवले तर पायात सरकतात हे कळलं. हेल्मेट उलटं, पट्टे दोन्ही बाजूंना लोंबते, आत चष्मा, ही मांडणी ठरली. नॅपकीनवर पुढे बूट-मोजे, मागे टोपी, बाजूला नंबराचा पट्टा. एवढंच उरलं.

निघायच्या रात्री बॅग उलट्या क्रमाने भरली. शेवटी लागणारं तळाला, आधी लागणारं वर. सायकलची पुढची-मागची चाकं काढून गियरच्या बाजूला पुठ्ठा बांधला. पेडलं मोज्यात घालून हेल्मेटमध्ये ठेवली आणि हेल्मेट हातातच घेतलं, डिकीत दिलं नाही. यादीतल्या टॉयलेट पेपरच्या जागी पाण्याची एक जास्तीची बाटली घेतली. तलावाकाठी पहाटे पाच वाजता फिरत्या शौचालयाबाहेर लागलेली रांग पाहिली, तेव्हा तिच्याइतकी उपयोगी वस्तू दुसरी नव्हती. तिच्या खालोखाल डोक्याला बांधायचा दिवा. ट्रान्झिशनमध्ये मिट्ट काळोख होता आणि मोबाइल हातात धरून सायकल टांगता येत नाही.

गॉगलचे दोन जोड नेले होते, रंगीत काचेचे, कारण सकाळचं ऊन पाण्यावरून सरळ डोळ्यांत येतं. काठावर उभी असलेली एक मुलगी तुटलेला पट्टा हातात धरून रडवेली झाली होती, दुसरा जोड तिला दिला.

पाण्यातून बाहेर आले तेव्हा पाय जमिनीवर ठरेनात. इतका वेळ आडवं असलेलं शरीर एकदम उभं राहतं, काठ हलतो, कानात पाणी. त्या क्षणी मला कुणी माझं नाव विचारलं असतं तरी विचार करावा लागला असता. दांडीपाशी आले आणि हात आपोआप डावीकडून उजवीकडे गेला. चष्मा, हेल्मेट, खट्. मोजे, बूट, पट्टा. मग सायकल. बाजूच्या दांडीवरचा एक गृहस्थ मोठ्या बादलीत सामान घेऊन आला होता आणि तळापर्यंत हात घालून काहीतरी शोधत होता. त्याची सायकल माझ्यापेक्षा किती तरी महाग होती. मला तेव्हा हे सामान बांधणं कशासाठी ते पटलं. डोकं बंद पडलेलं असताना लागणारा विचार आदल्या आठवड्यात, घरी, पंख्याखाली बसून करून ठेवायचा असतो. वस्तू हे त्याचं निमित्त.

मी शेवटून कितव्या नंबरावर आले हे विचारायची गरज नाही, मैत्रीण सगळ्यांना सांगतेच आहे. ट्यूब, पान्यांचा जोड आणि पितळी टोपी न वापरता परत आली. पण त्यांना मी काटणार नाही. स्टोअर्समध्ये त्यांना सेफ्टी स्टॉक म्हणतात, ते न वापरणं हेच त्यांचं काम.

आता आमच्या गल्लीतले दोघे-तिघे विचारायला येतात, काय काय घ्यावं लागतं, खर्च किती. पैसे आधी कशावर घालायचे ते मी सांगते: डोक्याला नीट बसणारं हेल्मेट, पाणी न शिरणारा गॉगल, धावायचे चांगले बूट, आणि पंक्चरचं सामान वापरायच्या शिकवणीसकट. सायकल असेल ती चालेल, ब्रेक धड हवेत. ट्रायसूट पुढच्या वर्षी. पण त्याआधी मीच त्यांना एक प्रश्न घालते: पाण्यातून धापा टाकत आलास, सायकलपाशी उभा आहेस, पहिला हात कशाला लावशील? जो ‘सायकलला’ म्हणतो त्याला नियम वाचायला पाठवते. ‘हेल्मेटला’ म्हणणाऱ्याला माझा तक्ता देते.